परक्या पेठेत, स्वतःच्या मुखाने

शके ७०० संपावयास एकच दिवस उरला असताना, म्हणजे इ.स. ७७९ मध्ये, राजस्थानातील जालोर येथे उद्द्योतनसूरींनी ‘कुवलयमाला’ हा प्राकृत कथाग्रंथ पूर्ण केला. या कथेत राजपुत्र कुवलयचंद्र दक्षिणेतील विजयपुरी नगरीच्या बाजारपेठेत येतो आणि तेथे सिंध, मारवाड, गुजरात, लाट, माळवा, कर्नाटक, महाराष्ट्र अशा देशोदेशींचे व्यापारी आपापल्या बोलीत सौदे करताना पाहतो. प्रत्येकाचे रूप, स्वभाव आणि तोंडी येणारे शब्द उद्द्योतनसूरींनी मोजक्या शब्दांत टिपले आहेत. मराठी बोलीच्या जुन्या उल्लेखांत या वर्णनाची गणना होते, म्हणून भाषेचे अभ्यासक त्याकडे पुनःपुन्हा वळतात. व्यापारी घरातील वाचकाला मात्र त्यात आपलीच ओळख पटावी. बाराशे वर्षांपूर्वीही पेठ म्हणजे अनेक भाषांचा मुलूख होता, आणि ज्याला समोरच्याचे बोलणे कळे त्यालाच सौद्याचे मर्म कळे.

ही परंपरा आपल्या घरांत पुढेही चालत आली. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज मारवाड, गुजरात किंवा कच्छ सोडून महाराष्ट्रातील गावोगावी आले. येताना त्यांना मराठी येत नव्हती. ते कोणत्या वर्गात बसले नाहीत. दुकानाच्या गादीवर बसून, मापे टाकताना, उधारी मांडताना आणि गिऱ्हाइकाच्या घरचे सुखदुःख विचारताना त्यांनी ती आत्मसात केली. चोपडीतील हिशेब आपल्या लिपीत आणि बोलणे गावाच्या भाषेत, असा त्यांचा रिवाज होता. दक्षिण महाराष्ट्रातील अनेक जैन कुटुंबांत मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा आजही सहज नांदतात. प्रौढ वयात परकी भाषा शिकणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही, याचे हे रोकडे पुरावे आहेत.

आज त्याच घराण्यांतील मुले, पुतणे आणि सुना अँटवर्प, कोबे, दुबई, बँकॉक येथे राहतात. मुंबईत वा पुण्यात बसून परदेशांशी व्यवहार करणारे तर असंख्य आहेत. तरीही चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाला किंवा गृहिणीला परदेशी भाषा शिकण्याविषयी सुचवले, की दोन उत्तरे ठरलेली असतात. एक, “आता या वयात?” आणि दुसरे, “इंग्रजीवर भागते की!” या दोन्ही उत्तरांचा नीट विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

हिऱ्यांच्या गल्लीत

बेल्जियममधील अँटवर्प शहराचे उदाहरण घेऊ. तेथील मध्यवर्ती रेल्वे स्थानकालगतच्या थोड्याशा गल्ल्यांत जगातील हिऱ्यांचा फार मोठा व्यापार चालतो. या व्यापारावर पूर्वी मुख्यतः ज्यू कुटुंबांची पकड होती. १९६० च्या दशकापासून भारतीय व्यापारी तेथे स्थिरावू लागले. त्यांत पालनपूरच्या जैन कुटुंबांचा भरणा मोठा होता. प्रारंभी लहान खड्यांच्या व्यापारातून त्यांनी पाय रोवले आणि पुढे या बाजाराचे आधारस्तंभ झाले. शहराच्या विल्राइक या उपनगरात २०१० साली संगमरवरी जिनमंदिराची प्रतिष्ठाही झाली.

या बाजारातील भाषाव्यवहार मोठा बोधप्रद आहे. सौदा ठरला की व्यापारी हस्तांदोलन करतात आणि ‘माझल’ हा हिब्रू शब्द उच्चारतात. पूर्ण रूपात त्याचा आशय ‘भाग्य आणि आशीर्वाद’ असा आहे. ज्यू असो, भारतीय असो वा आणखी कोणी, हा शब्द तोंडातून गेला की सौदा पक्का. मग कागदावर सही असो वा नसो. पालनपूरच्या माणसाने हिब्रूतील हा एक शब्द उचलला आणि त्या शब्दाबरोबर एका परक्या समाजाच्या विश्वासाच्या वर्तुळात तो आला. भाषा म्हणजे व्यवहारातील पत कशी, ते या एका शब्दावरून ध्यानात यावे.

पण त्या गल्ल्यांपुरते पाहिले तर पुढे शिकण्याची निकड भासत नाही. कार्यालयात गुजराती चालते, बाजारात इंग्रजी चालते. अँटवर्प हे शहर मात्र फ्लँडर्स या प्रांतात आहे, आणि तेथील लोकांची भाषा डच आहे. फ्लँडर्समधील तिच्या रूपाला बोलताना फ्लेमिश म्हणतात. नगरपालिकेचे पत्र डचमध्ये येते. शाळेची सूचना डचमध्ये येते. शेजारच्या म्हाताऱ्या बाई जिन्यात भेटल्या तर डचमध्ये हवापाण्याविषयी बोलतात. तीन गल्ल्यांत मानाने वावरणारा व्यापारी त्या गल्ल्या ओलांडताच मुका होतो. वीस वर्षे एका शहरात राहून त्या शहराशी एकही वाक्य नीट न बोलता येणे ही लहान हानी नव्हे.

मधे बसलेले मूल

ही हानी सर्वांत आधी घरात जाणवते. परदेशी गेलेल्या कुटुंबात मुले शाळेत जातात आणि वर्षा-दोन वर्षांत तेथील भाषा बोलू लागतात. आईवडील कौतुकाने पाहतात आणि नकळत सर्व काम मुलांवर सोपवतात. पत्र आले, मुलीने वाचावे. दुरुस्तीवाला आला, मुलाने बोलावे. मग एखादे दिवशी दवाखान्यात जाण्याची वेळ येते. बेल्जियममध्ये इंग्रजी बोलणारे डॉक्टर बरेच भेटतात. पण परिचारिका, स्वागतकक्षातील बाई, औषध देणारा या सर्वांना इंग्रजी येईलच असे नाही, आणि आपल्याकडून गेलेल्या आजीला तर इंग्रजीही येत नसते. अशा वेळी दहा-अकरा वर्षांची मुलगी मधल्या खुर्चीत बसते. आजीच्या आजाराचे नाव ती प्रथम ऐकते, तिचे भय प्रथम तिला वाटते, आणि मग मोठ्यांना ते कोणत्या शब्दांत सांगावे याचे ओझेही तिच्याच शिरावर येते.

ज्या घरात आजवर मुलांना मोठ्यांच्या चिंतेपासून दूर ठेवण्याची रीत होती, त्या घरात भाषेच्या अभावी ही रीत उलटी होते. मूल दुभाष्या झाले की घरातील मानही हलतो. वडिलांचा शब्द बाहेर चालत नाही हे मुलाला दिसते, आणि एकदा दिसलेली गोष्ट पुसता येत नाही. म्हणून परदेशी राहणाऱ्या आईवडिलांनी भाषा शिकणे हे व्यापाराच्या सोयीइतकेच मुलांच्या बालपणाचे रक्षण आहे. डॉक्टरांच्या सर्व परिभाषेवर प्रभुत्व हवे असे नाही. “मुलीला बाहेर बसू द्या, मी विचारतो, सावकाश सांगा,” एवढे तरी त्या भाषेत बापाला म्हणता आले पाहिजे.

ताटातील शब्द

दुसरी गोष्ट आहाराची. शाकाहार म्हणजे काय, याची आपली व्याख्या आणि युरोपची व्याख्या एक नाही. तेथे शाकाहारी पदार्थात अंडे सर्रास असते. चीज पाहावे तर दूध विरजण्यासाठी वापरलेले रेनेट वासराच्या जठरातून काढलेले असू शकते. इटलीच्या प्रसिद्ध पार्मेजानो चीजमध्ये तर नियमानेच प्राण्यांचे रेनेट वापरले जाते. मुलांच्या मऊ गोळ्यांत जिलेटिन असते. बेल्जियमचे तळलेले बटाटे जगप्रसिद्ध आहेत, पण परंपरेने ते गोवंशाच्या चरबीत तळले जात आणि आजही अनेक ठिकाणी तळले जातात. जपानमध्ये भाज्यांच्या साध्या सूपातही सुकवलेल्या बोनिटो माशाचा ‘दाशी’ असतो, आणि वाढणाऱ्याला त्यात मासा आहे असे मनातही येत नाही.

अशा ठिकाणी “व्हेजिटेरियन” हा एक इंग्रजी शब्द पुरत नाही. डचमध्ये ‘झोंडर एय’ म्हणजे अंड्याशिवाय, ‘स्ट्रेमसल’ म्हणजे रेनेट, ‘रुंडफेट’ म्हणजे गोवंशाची चरबी. हे तीन-चार शब्द जिभेवर असले तर वाढणाऱ्याला नेमका प्रश्न विचारता येतो. कंदमूळ या शब्दाला तर युरोपीय भाषांत सोयीचा प्रतिशब्दच नाही. जमिनीखाली वाढणारे काय काय चालत नाही, ते एकेक नाव घेऊन आणि शक्य तर थोडे कारण देऊन सांगावे लागते. ते कारण त्यांच्याच भाषेत सांगितले, की समोरचा चमकतो, ऐकतो आणि बहुधा स्वयंपाकघरात जाऊन खरोखर विचारून येतो. तेच इंग्रजीत फर्मावले तर लहरी गिऱ्हाइकाचा आणखी एक हट्ट ठरतो. आपले व्रत आपण पाळतो. पण ते दुसऱ्याच्या मदतीने पाळायचे असेल तर त्याच्याशी बोलावे लागते.

वय आड येते का?

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू. प्रौढांना भाषा येत नाही, हा समज जितका पसरला आहे तितका तो खरा नाही. १९७८ साली कॅथरिन स्नो आणि मारियान हूफनागल-ह्यूले या संशोधिकांनी नेदरलँड्समध्ये राहावयास आलेल्या इंग्रजीभाषकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहान मुले, किशोर आणि प्रौढ असे सर्व वयोगट त्यात होते, आणि सर्वजण डच शिकत होते. पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक वेगाने पुढे गेले ते बारा ते पंधरा वर्षांचे किशोर आणि प्रौढ. तीन ते पाच वर्षांची मुले सर्वांत मागे होती. वर्षअखेरीस मधल्या वयाच्या मुलांनी आघाडी घेतली हे खरे, पण आरंभी प्रौढ कच्चे असतात ही कल्पना तेथे टिकली नाही.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ६ लाख ७० हजार लोकांच्या चाचणीवर आधारलेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे आढळले, की व्याकरण अचूक पकडण्याची क्षमता साधारण सतरा-अठरा वर्षांपर्यंत टिकते आणि मग उतरू लागते. त्यामुळे चाळिशीत डच शिकणाऱ्याचे डच तेथील माणसासारखे निर्दोष होण्याची शक्यता थोडी. उच्चारात आपला गाव डोकावत राहणार. पण आपल्या पणजोबांच्या मराठीतही मारवाड डोकावत होताच. त्यामुळे गिऱ्हाईक तुटले नाही; उलट त्या बोलण्याची त्याला माया वाटली.

वाढत्या वयात भाषेचा मेंदूला लाभ होतो का, यावरही संशोधन झाले आहे. हैदराबाद येथे डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली, आणि निरक्षर रुग्णांतही हा फरक आढळला. स्कॉटलंडमध्ये १९३६ साली जन्मलेल्या सुमारे साडेआठशे लोकांची अकराव्या वर्षी घेतलेली चाचणी सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा घेण्यात आली. तेव्हा दुसरी भाषा जाणणाऱ्यांची बुद्धी अपेक्षेपेक्षा अधिक टिकलेली दिसली, आणि ज्यांनी ती भाषा मोठेपणी शिकली त्यांनाही तो लाभ झाला होता. या विषयावर सर्व संशोधकांचे एकमत नाही, म्हणून भाषेला औषध समजू नये. पण साठीनंतर रोजचा तासभर देण्यासाठी याहून चांगला उद्योग शोधून काढावा लागेल.

आपल्या पदरी असलेले भांडवल

मराठी बोलणाऱ्याच्या हाती काही भांडवल आधीपासूनच असते. बहुतेकांना त्याची जाणीव नसते. डच किंवा जर्मनमध्ये चोपन्न ही संख्या ‘चार आणि पन्नास’ या क्रमाने उच्चारतात. इंग्रज तेथे गोंधळतो आणि पंचेचाळीस लिहून बसतो. भावाच्या आकड्यात ही चूक महागात पडते. आपल्याला मात्र चोपन्न म्हणजे आधी चार आणि मग पन्नास हे पाढ्यांतूनच अंगवळणी पडलेले असते. ‘अर्धे तीन’ असे डच माणूस म्हणाला तर त्याला अडीच वाजता अभिप्रेत असतात. इंग्रजीची सवय असलेला साडेतीनला पोहोचतो. आपल्या ‘अडीच’ या शब्दाचे मूळही अर्धतृतीय, म्हणजे अर्धा असलेला तिसरा, असेच आहे. अढाई द्वीपाचे नाव लहानपणापासून ऐकणाऱ्याला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही.

जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत, म्हणून इंग्रज हैराण होतो. आपण तर ‘तो, ती, ते’ म्हणतच मोठे झालो. बेल्जियमच्या फ्रेंचमध्ये ऐंशीला ‘चार विसा’ म्हणतात. आपल्या खेड्यांतील जुन्या बायका विसांतच मोजत. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि ‘ला, त, चा’ यांसारखे प्रत्यय नामाच्या मागून लागतात. ‘तोक्यो नो’ म्हणजे ‘टोकियोचा’. इंग्रजाला वाक्य उलटे फिरवावे लागते, मराठी माणसाला नाही. अवघड आहे ती लिपी. तेथील शासनाने नित्य वापरासाठी ठरवलेल्या चित्राक्षरांची संख्याच २,१३६ आहे. कोबे हे मोत्यांच्या व्यापाराचे मोठे केंद्र. तेथील भारतीय मोती-व्यापाऱ्यांच्या वस्तीत १९८५ पासून जिनमंदिर आहे. तेथे जाणाऱ्याने बोलण्यापासून आरंभ करावा आणि लिपी सावकाश घ्यावी.

नीळ विकणाऱ्याची रीत

शिकावे कसे? एका व्यापाऱ्याचे उदाहरण उपयोगी पडेल. हाइनरिश श्लीमान (१८२२–१८९०) पुढे प्राचीन ट्रॉय नगरीच्या उत्खननामुळे जगप्रसिद्ध झाला. पण मुळात तो निळीचा व्यापारी. पाद्र्याच्या घरी जन्मलेला हा जर्मन मुलगा किराणा दुकानात उमेदवारी करत होता. जहाज बुडाल्यामुळे तो हॉलंडच्या किनाऱ्याला लागला आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या एका पेढीवर कारकून झाला. पगाराचा निम्मा भाग तो भाषा शिकण्यावर खर्च करी. पुढे ज्या पेढीवर तो लागला तिचा निळीचा मोठा व्यापार होता. त्या काळी युरोपला जाणाऱ्या निळीचा मोठा वाटा आपल्या बंगालमधून जाई, आणि रशियन व्यापारी तिचे मोठे गिऱ्हाईक होते. श्लीमानने हे हेरले आणि रशियन शिकावयास घेतले. तेव्हा त्याचे वय बावीसच्या आसपास होते. १८४६ साली पेढीने त्याला आपला प्रतिनिधी म्हणून सेंट पीटर्सबर्गला पाठवले, आणि तेथून त्याचे भाग्य उघडले.

त्याने स्वतः सांगितलेली रीत अशी : रोज ठरलेला वेळ द्यावा. मोठ्याने वाचावे. भाषांतर करत बसू नये. स्वतःला गोडी असलेल्या विषयावर चार ओळी लिहाव्यात, शिक्षकाकडून त्या सुधारून घ्याव्यात आणि दुसऱ्या दिवशी तोंडपाठ म्हणाव्यात. रशियनचा शिक्षक मिळेना, तेव्हा त्याने एका वृद्ध गृहस्थाला आठवड्याचे पैसे ठरवून रोज संध्याकाळी केवळ ऐकण्यासाठी बसवले. त्या गृहस्थाला रशियनचा गंधही नव्हता. पण ऐकणारा कोणी आहे म्हटल्यावर बोलणाऱ्याला हुरूप येतो. त्याच्या मोठ्या आवाजाला शेजारी कंटाळले आणि त्याला दोनदा बिऱ्हाड बदलावे लागले, असेही तो सांगतो. आत्मचरित्रातील या गोष्टींत थोडा तिखटमिठाचा भाग असेल. रीत मात्र पक्की आहे.

आपल्या पाठशाळेतही हीच रीत होती : मोठ्याने म्हणणे, रोज म्हणणे आणि कालचे आज पुन्हा म्हणणे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली विस्मरणावरील प्रयोग प्रसिद्ध केले. शिकलेले पहिल्या दिवसातच झपाट्याने विसरते आणि उजळणीने टिकते, हे त्याने मोजून दाखवले. सूत्रे कंठस्थ करणाऱ्या आपल्या साधुसाध्वींनी ते अनुभवाने जाणले होते.

वेळेचा हिशेब व्यापाऱ्याप्रमाणेच मांडावा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या भाषासंस्थेचा अनुभव असा, की इंग्रजी बोलणाऱ्याला डच, फ्रेंच किंवा इटालियन कामापुरती उत्तम येण्यास सुमारे ६०० ते ७५० तास लागतात, जर्मनला सुमारे ९००, आणि जपानी, चिनी वा अरबीला २,२००. रोजचा एक तास म्हणजे वर्षाचे ३६५ तास. दोन वर्षांत डच किंवा इटालियन बऱ्यापैकी हाती येते. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात. त्यांतील तिसरी पायरी गाठली तरी दवाखाना, शाळा, शेजार आणि बाजारातील साधे बोलणे निभावते. पुण्या-मुंबईत जर्मनसाठी मॅक्स म्युलर भवन, फ्रेंचसाठी आलियान्स फ्रान्सेज, तर पुण्यात विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषा विभाग अशा मान्यवर सोयी आहेत. ज्या सुनेला वा मुलाला वर्षभरात परदेशी जायचे आहे, त्याने कपडे शिवण्याच्या आधी तेथील वर्ग गाठावा.

यंत्र आहे ना!

फोनमधील यंत्र क्षणात भाषांतर करते, मग एवढे कष्ट कशाला, असाही एक आक्षेप आहे. यंत्राचा उपयोग अवश्य करावा. डब्यावरील घटकांची यादी वाचण्यास ते उत्तम आहे. कराराचा मसुदा, वैद्यकीय संमतिपत्र, न्यायालयाची नोटीस अशा कागदांसाठी मात्र यंत्रावर आणि आपल्या अर्ध्या भाषेवरही विसंबू नये; तेथे व्यावसायिक अनुवादक आणि वकील हवेतच. अर्धवट भाषेच्या भरवशावर सही करणे हा व्यापारातील सर्वांत महाग सौदा ठरू शकतो.

पण या दोन टोकांमध्ये जीवनाचा मोठा भाग उरतो. भाव सांगून समोरचा दोन क्षण गप्प बसला, तर त्या मौनाचा अर्थ यंत्र सांगत नाही. जुन्या गिऱ्हाइकाची पत्नी वारली, तर सांत्वनासाठी फोन पुढे धरता येत नाही. आणि “मी तुमची भाषा शिकतो आहे, चुकलो तर सांगा,” हे वाक्य ऐकून माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते यंत्राच्या आवाजाने उमटत नाही. आपण त्याच्यासाठी कष्ट घेतले हे त्याला कळते. पत अशीच उभी राहते.

भाषेने राखलेली गोष्ट

शेवटी आपल्याच इतिहासातील एक प्रसंग. वीरचंद राघवजी गांधी (१८६४–१९०१) हे नाव १८९३ च्या शिकागो धर्मपरिषदेतील जैन प्रतिनिधी म्हणून सर्वांना ठाऊक आहे. त्याआधीची एक कामगिरी मात्र अनेकांच्या विस्मरणात गेली आहे. सम्मेद शिखरजीच्या परिसरात एका इंग्रज गृहस्थाने डुकरांची चरबी काढण्याचा कारखाना काढला होता. खालच्या न्यायालयात जैनांची बाजू टिकली नाही. वरच्या न्यायालयात दाद मागायची तर जुनी कागदपत्रे तपासणे भाग होते, आणि ती बंगालीत होती. त्यांचे चरित्रकार सांगतात, की वीरचंदभाई कलकत्त्यास जाऊन राहिले, सुमारे सहा महिन्यांत बंगाली शिकले, ती कागदपत्रे स्वतः वाचली आणि त्यांच्या आधारे बाजू मांडली. कारखाना हटला. तेव्हा त्यांनी पंचविशी ओलांडली होती. महुव्याच्या गुजराती घरात जन्मलेल्या, मुंबईत शिकलेल्या माणसाला बंगालीची काही सवय नव्हती. दुभाष्या मिळाला नसता असे नाही. पण जे आपल्याला प्राणप्रिय आहे ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचण्यावर त्यांनी सोडले नाही.

याची दुसरी बाजू हेर्मान याकोबी या जर्मन पंडिताच्या कार्यात दिसते. तेविशीच्या उमरीत तो भारतात आला, राजस्थानातील ग्रंथभांडारे त्याने पाहिली. पुढे प्राकृतातील आगमांचे त्याने केलेले इंग्रजी अनुवाद १८८४ आणि १८९५ साली प्रसिद्ध झाले. जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा नसून स्वतंत्र आणि प्राचीन परंपरा आहे, हे पाश्चात्त्य विद्वानांना पटवून देण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. एका परक्या माणसाने आपली भाषा शिकण्याचे कष्ट घेतले, म्हणून जगाने आपल्याला आपल्या नावाने ओळखले. तेच कष्ट आपण दुसऱ्याच्या भाषेसाठी घेतले, तर अनेकांतदृष्टीचा तो एक साधा, घरगुती अभ्यासच ठरेल. कारण प्रत्येक भाषा जगाकडे आपल्या बाजूने पाहते, आणि ती शिकणारा काही काळ त्या बाजूला जाऊन उभा राहतो.

दिवाळीत आपण नव्या वहीचे पूजन करतो आणि पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहितो. यंदा त्या वहीबरोबर घरातील प्रत्येक मोठ्या माणसासाठी एक पातळ वही आणावी. ज्या देशाशी आपला व्यवहार आहे किंवा जेथे आपले मूल राहते, त्या देशाच्या भाषेतील पाच वाक्ये रोज तीत उतरावीत आणि मोठ्याने म्हणावीत. ऐकण्यासाठी नातवंडाला समोर बसवावे. उच्चार चुकला की ते हसेल. त्याला हसू द्यावे आणि वाक्य पुन्हा म्हणावे.